दोषी ठरल्यानंतर शिक्षा कशी ठरते?

“त्याच कलमात त्याला दोन वर्षे आणि आमच्या पोराला सहा वर्षे, असे कसे?” हा सवाल मोहल्ल्यात बऱ्याचदा ऐकू येतो. पाठोपाठ पक्षपाताचा संशयही येतो. संशय कधी खरा असेलही. पण आधी शिक्षा ठरते कशी हे आपण समजून घ्यायला हवे.

आपल्या कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना एकच ठराविक शिक्षा नाही. “अमुक वर्षांपर्यंत” असे लिहिलेले असते आणि त्या मर्यादेत किती, हे न्यायाधीश ठरवतात. काही कायद्यांत किमान शिक्षाही ठरलेली आहे, उदा. मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा पोक्सो कायदा. तिथे किमानच्या खाली येता येत नाही, घरची परिस्थिती कितीही बिकट असो.

सत्र न्यायालयात दोषी ठरवणे आणि शिक्षा देणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. दोषी ठरवल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकावेच लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८(२) मध्ये आहे. १९७६ च्या संता सिंग खटल्यात ही सुनावणी झालीच नव्हती, म्हणून सुप्रीम कोर्टाने शिक्षेचा प्रश्न परत खाली पाठवला होता.

आणि आपल्याकडे नेमकी हीच सुनावणी वाया जाते. निकाल ऐकून घरचे सुन्न झालेले असतात. वकील उठतात, “गरीब आहे, लहान मुले आहेत, दया दाखवावी” एवढे म्हणून बसतात. असे तर प्रत्येक जण म्हणतो! त्याला कागदाचा आधार लागतो. वयाचा पुरावा, शाळेचा दाखला, मानसिक आजाराचे उपचार झाले असतील तर दवाखान्याची कागदपत्रे, कारागृहातील वर्तणुकीचा अहवाल, तुरुंगात शिक्षण घेतले किंवा काम शिकले असेल तर त्याची नोंद. आम्ही शिक्षक आहोत. असा दाखला मागायला पालक येतात तेव्हा बऱ्याचदा शिक्षा होऊन गेलेली असते.

शिक्षा वाढवणाऱ्या बाबी साधारण अशा: आधीपासून केलेली तयारी, क्रूरपणा, लहान मूल किंवा असहाय माणूस बळी असणे, विश्वासाचा घात, पूर्वीची शिक्षा. इथे एक लक्षात ठेवा, नुसता गुन्हा दाखल असणे म्हणजे शिक्षा झालेली असणे नव्हे. सरकारी वकील जुन्या केसेसची यादी वाचू लागले तर त्यातल्या किती केसमध्ये दोष सिद्ध झाला, हे आपल्या वकिलाने विचारलेच पाहिजे.

सौम्य करणाऱ्या बाबींची सर्वांत प्रसिद्ध चर्चा १९८० च्या बचन सिंग निकालात आहे. तो फाशीबद्दलचा. कोवळे किंवा उतारवय, तीव्र मानसिक तणाव, दुसऱ्याच्या दबावाखाली केलेले कृत्य, सुधारण्याची शक्यता, हे त्यात आले, आणि फाशी फक्त “दुर्मिळातील दुर्मिळ” प्रकरणात, असे ठरले. पुढे काही निकालांत फक्त गुन्हा पाहिला गेला, गुन्हेगार नाही. २००९ मध्ये महाराष्ट्रातीलच संतोषकुमार बरियार खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही चूक दाखवून दिली. २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश निकालाने तर, फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात आरोपीची पार्श्वभूमी आणि मानसिक तपासणीची माहिती खालच्या कोर्टातच समोर यावी, असे सांगितले.

पहिलाच गुन्हा असेल तर किती फरक पडतो, ते चोरीच्या कलमात दिसते. भारतीय न्याय संहितेत कलम ३०३ प्रमाणे पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि माल किंवा पैसे परत केले, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तोच माणूस चोरीत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी. शिवाय १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने २१ वर्षांखालील मुलांना, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवू नये असे म्हटले आहे. पाठवायचे तर कोर्टाला कारणे लिहावी लागतात.

आता माफीचे. शरीअतमध्ये किसासच्या बाबतीत मयताच्या वारसांना माफीचा हक्क आहे, हे आपल्याला माहीत असते. म्हणून “समोरच्यांनी माफ केले, मग केस का संपत नाही?” असे विचारले जाते. भारतीय कायद्यात खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा आहे, तो आपसात मिटत नाही. साधी मारहाण कायद्याने मिटवता येते. मधल्या काही प्रकरणांत समेट झाला म्हणून केस बंद होत नाही, पण शिक्षा कमी करताना कोर्टाने तो विचारात घेतल्याची उदाहरणे आहेत. असा समेट असेल तर लेखी कोर्टापुढे ठेवा, तोंडी सांगून भागत नाही.

अपील फक्त शिक्षेपुरतेही करता येते. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज तुरुंगातूनही देता येतो किंवा घरचे जिल्हा न्यायालयातल्या कार्यालयात देऊ शकतात.