हा नियम पुढच्या वर्षापासून का नको?

आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाची घटना चार पानांची होती. १९७३ साली तिच्यात आम्ही एक कलम वाढवले. चिटणीसपदाला उभा राहणारा सभासद मंडळात निदान दोन वर्षे असला पाहिजे, असे ते कलम. वाईट मुळीच नव्हते. काल आलेल्या माणसाच्या हाती वर्गणीची वही कोणी का द्यावी? ठरावाला अनुमोदन माझे होते. मात्र ती सभा भरली उमेदवारी अर्जांच्या आदल्या आठवड्यात. आणि तालुक्याच्या गावाहून त्याच वर्षी आलेला, फार चांगला बोलणारा एक मुलगा उभा राहणार, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. त्याने सभेत एकच प्रश्न विचारला, “हा नियम पुढच्या वर्षापासून का नको?” अध्यक्षस्थानी बसलेल्या प्राध्यापकांनी घड्याळाकडे पाहिले. मी खाली पाहिले.

पुढे विद्यार्थ्यांच्या निवडणुकांचे कायदेकानू जेव्हा जेव्हा वाचले, तेव्हा तो प्रश्न मला आठवला.

आपल्या महाराष्ट्राचेच पाहा. एके काळी महाविद्यालयांतून निवडणुकांचा मोठा धुमधडाका असे. पुढे त्यात पैसा आला, पक्ष आले, मारामाऱ्या आल्या. १९८९ साली मुंबईत तर अशा वैरातून एका विद्यार्थी पुढाऱ्याचा खून झाला. प्राचार्यांची अवस्था ‘भीक नको पण कुत्रा आवर’ अशी झाली होती. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूकच काढून टाकली. आधीच्या परीक्षेत गुणांनी वर असलेला विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी म्हणून नेमायचा आणि अशा प्रतिनिधींनी आपल्यातून एकाला सचिव निवडायचे, अशी नवी रीत पडली. गुणवंतांबद्दल मला आदर आहे. पण रसायनशास्त्रात पहिला आलेला मुलगा वसतिगृहाच्या पाण्यासाठी भांडेलच, याची हमी गुणपत्रिका कशी देणार? २०१६ च्या कायद्याने थेट निवडणूक पुन्हा लिहिली गेली. २०१९ साली ती व्हायची होती, तीही ऐन वेळी पुढे ढकलली. विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी होती, हा योगायोग वाचकांनी आपापल्या बुद्धीप्रमाणे समजून घ्यावा.

परंतु माझ्या प्रश्नाचा खरा इतिहास दिल्लीस घडला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशी न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी देशभर लागू केल्या. उमेदवाराची हजेरी ७५ टक्के हवी, खर्च ५,००० रुपयांच्या आत हवा, छापील भित्तिपत्रके नकोत, संशोधक विद्यार्थी २८ वर्षांहून मोठा नको, पदाधिकारी म्हणून एकदाच उभे राहता येईल. यातली बहुतेक कलमे कोणीही शहाणा माणूस मान्य करील.

मौज अशी की जवाहरलाल नेहरू विद्यापीठात पैशाचा हा बाजार मुळी नव्हताच. तिथली मुले आपली भित्तिचित्रे हाताने रंगवीत, निवडणूक समिती स्वतःच्या सभेत निवडीत, मतमोजणीही स्वतः करीत. लहान आवारांसाठी समितीने जे नमुने विचारात घेतले, त्यांत हे विद्यापीठही होते. तरी नियम सर्वांना एकच! तिथे संशोधकांचा भरणा मोठा. पुष्कळ जण उशिरा शिकायला आलेले. वयाच्या अटीने तेच बाहेर पडत. विद्यार्थी म्हणाले, आमची घटना आम्ही केली आहे, ती बदलायची तर आम्हांला विचारा. ऑक्टोबर २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली निवडणूक थांबवली.

त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक नाही. विद्यार्थ्याच्या आयुष्यात हा काळ लहान नव्हे. एम.ए.ला आलेला मुलगा एकदाही मत न देता पदवी घेऊन गेला. ज्यांचा हक्क थांबला ते, आणि ज्यांनी पुढे तो परत मिळवला ते, एकच नव्हते. नियम बदलणाऱ्याच्या ध्यानात ही गोष्ट सहसा येत नाही. त्याच्या लेखी ‘विद्यार्थी’ नावाचा कोणी एक कायमचा प्राणी असतो.

अखेर डिसेंबर २०११ मध्ये न्यायालयाने या विद्यापीठापुरती सूट दिली. संशोधकांची वयोमर्यादा ३० झाली आणि एकदाच उभे राहण्याची अट सैल झाली. बाकीचे विद्यार्थ्यांनी पत्करले. १ मार्च २०१२ रोजी तिथे मतदान झाले. दोन्ही बाजू थोड्या थोड्या सरकल्या होत्या. हे २००८ मध्येच का झाले नाही, असे विचारण्याचा अधिकार मला नाही.

आमच्या मंडळात तो मुलगा पुन्हा आला नाही. दोन वर्षे पुरी होण्याची वाट त्याने पाहिलीच नाही. त्या सभेचे इतिवृत्त मी लिहिले होते. ठरावापुढे ‘एकमताने मंजूर’ असे शब्द आहेत. अक्षर माझे आहे.