सारीपाट : शब्दाची घडण

सारीपाट हा दोन पदांचा समास आहे. सारी म्हणजे सोंगटी आणि पाट म्हणजे ती चालवायचा पट. पहिल्या पदाचे मूळ संस्कृत 'शारि', दुसऱ्याचे 'पट्ट'. अमरकोशात याच पटाला 'शारिफल' म्हटले आहे. म्हणजे पटाला सोंगटीवरून नाव देण्याची रीत मराठीच्या फार आधीची.

अशा खेळांची परिभाषा व्याकरणकारांनी बारकाईने जपली. पाणिनीच्या सूत्रावरून (५.२.९) सोंगटीला लागणारे 'अयानयीन' हे विशेषण सिद्ध होते. पाणिनीवरच्या काशिकावृत्ती या टीकेप्रमाणे अय म्हणजे उजवी चाल, अनय म्हणजे डावी; दोन्ही बाजूंच्या सोंगट्या फिरत असताना जिथे प्रतिपक्षाला शिरता येत नाही ते घर 'अयानय'. पाच शलाकांच्या 'पंचिका' खेळात सगळ्या उताण्या किंवा सगळ्या पालथ्या पडल्या तर टाकणारा जिंके. एक वेगळी पडली की त्या हरलेल्या डावाला 'एकपरि' म्हणत. एका डावासाठी स्वतंत्र समास घडवणारा समाज खेळात किती रमलेला असेल!

या खेळवेडाची दुसरी बाजू धर्मशास्त्रात दिसते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली धर्मकोश काढला. १९३७ पासून निघालेल्या त्याच्या व्यवहारकांडात 'द्यूतसमाह्वय' या विवादपदावरची वचने एकत्र सापडतात. हाही समासच : निर्जीव साधनांनी खेळतात ते द्यूत, प्राणी झुंजवून पैज लावतात तो समाह्वय. मनू दोन्ही राज्यातून हद्दपार करायला सांगतो. याज्ञवल्क्य मात्र जुगारअड्ड्याच्या चालकाला शंभर किंवा अधिक जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच, इतरांकडून शेकडा दहा घेऊ देतो. हा मतभेद शेजारी शेजारी वाचता येतो, हे वाईच्या पंडितांचे मोठे देणे.

मराठी घरांतला सारीपाट कापडी, अधिकचिन्हाच्या आकाराचा. चार फाट्यांवर प्रत्येकी चोवीस घरे, चार रंगांच्या सोळा सोंगट्या. मारली गेलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून निघते. इंग्रजीतल्या बॅकगॅमन या जोडशब्दाचा उलगडाही असाच करतात : 'बॅक' म्हणजे मागे, 'गॅमन' हे खेळ या अर्थाच्या जुन्या शब्दाचे रूप, कारण त्यातही मारलेली सोंगटी मागे जाते.

सारीपाटाच्या तीन फाशांवर दोन सहा आणि एक एक पडला की बारा आणि पौ, म्हणजे 'पौबारा'. त्याचेच 'पोबारा' झाले. हे दान पडले की सोंगटी एकदम तेरा घरे पुढे सुटते. पळून जाणे या अर्थाचा 'पोबारा करणे' हा वाक्प्रचार मराठीत आजही रोजच्या वापरात आहे.