एकट्याची शिदोरी

शाळेत आपण सर्वजणी लढायांचा इतिहास शिकलो. कोणती लढाई कोणत्या साली झाली, कोण जिंकले, किती तोफा हाती लागल्या, हे घोकून पाठ केले. पण लढाईवर निघालेल्या माणसाने त्या दिवशी काय खाल्ले, ते कोणी रांधले आणि आठ दिवस टिकावे म्हणून त्यात काय घातले, याची चौकशी त्या पुस्तकात कोठे केलेली नव्हती. भगिनींनो, आपल्या स्मरणिकेसाठी मी त्याच विषयावर चार शब्द लिहिणार आहे. मी इतिहासाची पंडित नव्हे. पण डबे भरण्यात निम्मे आयुष्य गेले आहे, त्यामुळे या इतिहासावर बोलायचा थोडा हक्क आपल्यालाही आहे असे मला वाटते.

आपल्याच जिल्ह्यातले असई घ्या. 23 सप्टेंबर 1803 रोजी तेथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यांची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूवर त्याने नेपोलियनला हरविले. त्याच्या दख्खनमधल्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच काळजी बैलांची आणि तांदळाची आहे. धान्य पाठीवर घेतलेले बैल मागे राहिले, तर पुढे गेलेली फौज काय खाणार? हे धान्य आणीत बंजारे, म्हणजे आपले लमाण. हजारो बैलांचे तांडे घेऊन ते मीठ आणि धान्य मुलखोमुलखी नेत. दोन्ही बाजूंच्या फौजा त्यांच्याकडूनच धान्य घेत, म्हणून लढाईतही त्यांना सहसा कोणी हात लावीत नसे. आणि फौजा निघून गेल्यावर गावात काय उरले? त्याच सुमारास, 1803-04 साली, दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. असईच्या विजयाचे वर्णन वाचताना ही दुसरी ओळ मी मनात जोडून घेते.

लमाणांचा तांडा म्हणजे चालते घरच. पोरेबाळे, भांडीकुंडी, चूल सारे बैलाच्या पाठीवर. आज मुक्काम येथे, उद्या तेथे. त्या बायका रोज नव्या जागी तीन दगड मांडून भाकरी थापीत. पुढे सडका झाल्या, आगगाडी आली. आपल्या जालन्यावरून जाणारी मनमाड-हैदराबाद लाइन 1900 च्या सुमारास सुरू झाली. बैलांच्या पाठीवरचा तो व्यापार संपला आणि तांडे एका जागी वसले. मंठा-परतूर बाजूला ते आजही आहेत, फक्त आता चालत नाहीत.

आता आपल्या चुलीकडे येऊ. अन्न का टिकते आणि का नासते, याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ते पाणी. ज्यात पाणी जास्त ते आज खावे, ज्यात कमी ते चार दिवसांनी, ज्यात मुळीच नाही ते पावसाळा उलटला तरी चालते. प्रवासासाठी पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून दशमी करतात, ती साध्या भाकरीपेक्षा एखादा दिवस जास्त मऊ राहते. धपाटी दोन दिवस पुरतात. कांदा घातला असेल तर तितकाही भरवसा नाही. त्यापुढे मग चटण्या: शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची. त्याही पुढे उन्हाळ्यात वाळवलेले सांडगे, खारोड्या, कुरडया. आणि सर्वांत वरचढ आपले मराठवाड्याचे येसर. गहू, ज्वारी-बाजरी, डाळी, धने-जिरे वेगवेगळे भाजून दळलेले हे पीठ. घरोघरी त्याचे प्रमाण निराळे, आणि प्रत्येक घरचे म्हणणे की खरे येसर आमचेच! ते पाण्यात कालवून फोडणीत उकळले की आमटी तयार. डाळ शिजवायला नको, वाटण नको. डबाबंद तयार जेवण दुकानात येण्याच्या कितीतरी आधी ते आपल्या फडताळात होते. सैन्यासाठी टिकाऊ अन्न करणारी सरकारी प्रयोगशाळा म्हैसूरला 1961 साली निघाली. तिचे काम मोठेच आहे, पण पाणी काढून टाका हा पहिला धडा आपल्या आज्यांना ठाऊक होता.

परंतु फौजेची किंवा तांड्याची शिदोरी वेगळी आणि एकट्याची वेगळी. तांड्यात एकीला ताप आला तर दुसरी भाकरी थापते. एकटा माणूस आजारी पडला तर धान्याची गोणी भरलेली असूनही उपाशी राहतो. मला या सर्व विषयातला मुख्य मुद्दा हाच वाटतो.

एकटे निघालेले म्हणून आपल्याकडचे पहिले नाव समर्थांचे. 1608 साली आपल्या जांब गावी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून ते निघून गेले, अशी कथा परंपरेने सांगतात. नाशिकजवळ टाकळीला राहिले ते मधुकरी मागून. म्हणजे त्यांची शिदोरी गावातल्या प्रत्येक घरी थोडी थोडी ठेवलेली होती! ज्याला मागण्याची मोकळीक आहे त्याला बांधून नेण्याची गरज नाही. बायकांना मात्र असे एकटे निघणे आणि असे मागणे कोठून मिळणार?

बाईमाणसाचे उदाहरण पाहायचे तर आनंदीबाई जोशी. कल्याणला 1865 साली जन्मलेली ही मुलगी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरली. वय अठरा. नवरा बरोबर नाही, माहेर-सासरचे कोणी नाही. आपला आहार आणि पोशाख बदलणार नाही असे तिने निघण्यापूर्वी जाहीर केले होते. न्यू जर्सीत कार्पेंटरबाईंच्या घरी तिला मायेचा आसरा मिळाला, पण फिलाडेल्फियाला कॉलेजात गेल्यावर ती एकटी पडली. खोलीतली शेगडी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी, असे तिच्याविषयी लिहिलेले आढळते. दिवसभर अभ्यास, त्यातून स्वतःचे शाकाहारी जेवण करायचे. 11 मार्च 1886 रोजी ती डॉक्टर झाली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने गेली. क्षय जेवणाने झाला असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण हे वाचताना माझ्यासारखीचे लक्ष पदवीआधी त्या शेगडीकडे जाते. दमून आल्यावर चूल न पेटवता खाता येईल असे काही तिच्या डब्यात होते का?

याच्या अगदी उलट तयारीने निघालेला माणूस म्हणजे आपल्या नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. 19 ऑगस्ट 2009 रोजी ते मुंबईहून शिडाच्या होडीतून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 19 मे 2010 रोजी परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना धरून बसले होते निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी, आणि ‘म्हादेई’ ही होडी बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी. होडी 56 फूट लांब, तिच्यातच निजायचे, तिच्यातच रांधायचे. वाटेत मुक्काम चारच: ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे आणि केप टाउन. मधे दुकान नाही, शेजारीण नाही की वाटीभर साखर मागावी. अशा होड्यांत शेगडी दोन बाजूंनी टांगलेली असते, म्हणजे होडी कलली तरी पातेले सरळ राहते. पण समुद्र खवळला की तीही निरुपयोगी. मग हाताशी सुके असेल तेच जेवण.

आणि हाताशी असणे म्हणजे काय, हे 2018 साली दिसले. अभिलाष टॉमी यांनी त्यापूर्वी, नोव्हेंबर 2012 ते मार्च 2013 या काळात, कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली होती. 2018 च्या शर्यतीत गोव्यातच बांधलेली ‘तुरीया’ घेऊन ते निघाले असता हिंदी महासागरात वादळात डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. जागचे हलता येत नाही, काही खाता-पिता येत नाही, असा त्यांचा संदेश आला. होडीत महिनोनमहिन्यांचे अन्न भरलेले, पण ते चार हातांवर! तीन दिवसांनी मासेमारीवर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना सोडविले.

हे सारे मी का गोळा केले, ते सांगते. माझी भाची ऑस्ट्रेलियात नोकरी करते. तिकडे मोठ्या मोटारीत शेगडी, पाण्याची टाकी, निजायची फळी करून लोक महिनोनमहिने फिरतात. तिने तीन महिने एकटीने तसे राहायचे ठरविले. ऐकून घरात रडारड झाली. मी म्हटले, ती जाणार तर आहेच, आता डबे कसे भरायचे ते बोला.

प्रथम हिशेब केला तो दिवसांचा नव्हे, तर शेगडी न पेटविण्याच्या दिवसांचा. आठवड्याला दोन धरले, ताप, पाऊस, कंटाळा सर्व मिळून. त्यासाठी सातूचे पीठ. भाजलेले गहू आणि डाळवे यांचे ते पीठ गूळ-पाण्यात कालवून तसेच खाता येते. 1972 च्या दुष्काळात कामावर सुकडी वाटीत, ती अशीच तयार. सासूबाई अजून तिची चव सांगतात. बाकी दिवसांना येसर, मेतकूट, चटण्या. मोठा डबा एकट्याचा वैरी असतो. रोज उघडला की दमट हवा आत जाते आणि शेवटचा पाव हिस्सा टाकावा लागतो. म्हणून सर्व काही एका जेवणापुरत्या पुड्यांत बांधले. डाळ-तांदूळ मिसळून, हळद-मीठ घालून खिचडीच्या पुड्या तिने तिकडचेच सामान घेऊन बांधाव्या असे ठरले, कारण ऑस्ट्रेलियात शिरताना खाण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहावी लागते आणि बियाणे-दाणे अडवितात. येसरापुढे काय लिहावे यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी ‘भाजलेल्या धान्याचे पीठ’ असे लिहिले.

निजायच्या फळीवरून हात पोचेल तेथे एक पिशवी टांगायची, तिच्यात पाण्याची बाटली, सातू आणि गुळाचा खडा ठेवायचा, आणि त्यातले काही वापरले तर त्याच दिवशी भरून ठेवायचे, एवढे मी तिला लिहून दिले आहे. येत्या महिन्यात ती निघते आहे.