फिलाडेल्फियाच्या शपथयाद्यांची कुळकथा

वसाहतकालीन अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मन पूर्वजाचा माग काढणारे अभ्यासक ज्या फिलाडेल्फियाच्या शपथयाद्यांकडे प्रथम वळतात, त्या वंशेतिहासासाठी तयार झाल्याच नव्हत्या. त्यांचा उगम परक्यांविषयीच्या धास्तीत आहे. १६८३ मध्ये क्रेफेल्डहून आलेल्या तेरा कुटुंबांच्या साथीने फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसले, तेव्हा या नवागतांची संख्या नगण्य होती. पुढे युद्धांनी आणि करांनी गांजलेल्या ऱ्हाइनकाठच्या पॅलेटिनेटसारख्या प्रदेशांतून रॉटरडॅममार्गे भरभरून जहाजे येऊ लागली आणि इंग्रजी न जाणणारी ही प्रजा राजाशी एकनिष्ठ राहील काय, ही शंका पेनसिल्व्हेनियाच्या शासकांना सतावू लागली. म्हणून सप्टेंबर १७२७ मध्ये प्रांतिक मंडळाने असा दंडक घातला की, कप्तानाने प्रवाशांची यादी सादर करावी आणि प्रवाशांनी ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेऊन तिच्याखाली सही करावी.

या दंडकातून कालांतराने एकाच जहाजाच्या तीन याद्या निर्माण झाल्या: कप्तानाची यादी, निष्ठेच्या शपथेची यादी आणि पोपची सत्ता व पदच्युत स्टुअर्ट घराण्याचा गादीवरील दावा नाकारणाऱ्या त्यागशपथेची यादी. शपथ सोळा वर्षांवरील पुरुषांनाच घ्यावी लागे, त्यामुळे स्त्रिया आणि मुले बहुतेक याद्यांत आढळत नाहीत. पहिल्या यादीत नावे इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली असत. पॅलेटिनेटच्या बोलीत ब आणि प, ड आणि ट, ग आणि क हे उच्चार एकमेकांत मिसळत असल्याने ती ओळखू न येण्याइतकी बदलत. शपथयाद्यांत मात्र साक्षर प्रवासी स्वहस्ते जर्मन लिपीत सही करीत, आणि निरक्षरांच्या खुणेशेजारी कारकून नाव लिही. साहजिकच कारकुनाच्या नोंदीपेक्षा सहीचे प्रामाण्य अधिक मानले जाते.

तथापि या याद्यांत सहसा मूळ गाव नसते. ते शोधण्यासाठी लुथरन आणि रिफॉर्म्ड या प्रॉटेस्टंट पंथांच्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या तपासाव्या लागतात. तसेच भूदास असलेल्या कुळाला देशांतरापूर्वी धन्याकडून शुल्क भरून मुक्ती मिळवावी लागे, त्या मुक्तिपत्रांचे दप्तरही उपयोगी पडते. येथेही सावधगिरी हवी, कारण एकाच घरातील अनेक मुलांना योहान हे पहिले नाव दिले जाई आणि व्यवहारात दुसरेच नाव चाले. आडनावेही पुढे इंग्रजी वळणाची झाली: १७३८ मध्ये आलेल्या आंद्रेआस हूबर यांच्या वंशजांचे आडनाव हूव्हर झाले आणि राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर त्याच वंशातले.

स्ट्रासबर्गर आणि हिंके यांनी १९३४ मध्ये या याद्या ‘पेनसिल्व्हेनिया जर्मन पायोनियर्स’ या ग्रंथाच्या तीन खंडांत प्रसिद्ध केल्या आणि त्यांतील एका खंडात सह्यांच्या प्रतिकृती छापल्या, त्यामुळे हस्ताक्षरांची तुलना घरबसल्या शक्य झाली. तरीही केवळ नाव जुळले म्हणून नाते जोडणे हा या संशोधनातील सर्वांत मोठा धोका आहे. युरोपातील चर्चची नोंद, शपथयादीतील सही आणि अमेरिकेतील जमीन, मृत्युपत्र किंवा चर्चचे दप्तर यांचा परस्परांशी मेळ बसल्याखेरीज वंश सिद्ध झाला असे मानू नये.