जकातमाफीची किंमत

धर्मादाय हा शब्द आपण मोठ्या विश्वासानें उच्चारतों. पण दान ज्याच्यासाठीं काढलें त्याच्या हातीं तें पोंचलें कीं नाहीं, हें पाहण्याची आपणांस फारशी संवय नाहीं. राज्यकारभारांत ही उणीव शिरली म्हणजे काय होतें, हें इस्पितळांच्या जकातमाफीच्या इतिहासावरून समजतें.

१ मार्च १९८८ रोजीं भारत सरकारनें ६४ क्रमांकाचा जाहीरनामा काढून परदेशांतून आणलेल्या इस्पितळी उपकरणांवरील आयात जकात माफ केली. त्या माफीला अटी होत्या. रोज येऊन उपचार घेऊन जाणाऱ्या रोग्यांपैकीं सरासरीनें निदान ४० टक्क्यांना विनामूल्य उपचार द्यावे. दरमहा ५०० रुपयांहून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील जे रोगी इस्पितळांत राहतील त्या सर्वांवर फुकट उपचार करावे व त्यांच्यासाठीं १० टक्के खाटा राखून ठेवाव्या. इतरांकडून वाजवी आकार घ्यावा. सारांश, तिजोरीनें सोडलेला पैसा गरिबाच्या शुश्रूषेच्या रूपानें परत यावयाचा होता.

यंत्रें बंदरांत उतरलीं, आणि मग वाद सुरू झाले. मेडिवेल इस्पितळाच्या दाव्यांत १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें दोन गोष्टी सांगितल्या. इतर तशाच संस्थांना माफी मिळाली असतां या संस्थेस ती नाकारणें योग्य नव्हे, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची : माल सोडवून घेतला म्हणजे वचन संपलें असें नव्हे, तें अखंड पाळलें पाहिजे, व न पाळल्यास सरकारनें जकात वसूल करावी. शिवाय दरमहा किती रोग्यांना उपचार दिले आणि त्यांत निर्धन किती, हें स्थानिक वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करावें, असेंही न्यायालयानें बजावलें.

पहिली गोष्ट फार काळ टिकली नाहीं. १९९७ सालीं फरिदाबादच्या एका सी.टी. स्कॅन केंद्राच्या दाव्यांत त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, एकास चुकीनें माफी मिळाली म्हणून दुसऱ्यास समतेच्या नांवाखालीं तीच चूक मागतां येत नाहीं. दुसरें तत्त्व मात्र टिकलें. २००१ सालीं जगदीश कर्करोग संशोधन केंद्राच्या प्रकरणांत, जप्त झालेलें यंत्र दंड भरून सोडवून घेणाऱ्यानें जकातही भरली पाहिजे, असा निर्णय झाला.

न्याय झाला खरा; पण कोणाला ? या दाव्यांत एका बाजूस संस्था, दुसऱ्या बाजूस सरकार. ज्याच्या नांवानें माफी मागितली, तो रोगी कोठेंच पक्षकार नव्हता. वसूल झालेली जकात तिजोरींत जाते. दारावरून परत गेलेल्या माणसाचें दुखणें त्यानें बरें होत नाहीं. म्हणूनच या निकालांतील सर्वांत मोलाचा भाग मला वर्तमानपत्रांतील त्या मासिक आंकड्यांचा वाटतो. हक्क आहे हें ज्याला ठाऊक असतें, तोच तो मागूं शकतो.