हौशी चित्रकाराची रंगपेटी

हौशी चित्रकाराची रंगपेटी जेमतेम अडीचशे वर्षांची आहे. चित्रकला तिच्याहून हजारो वर्षांनी जुनी, चित्रकाराचा पेशाही तसाच जुना. पण कुणाची शागिर्दी न करता, नोकरीधंदा सांभाळून, घरातल्याच टेबलावर कागद पसरून रंगवायला बसणारा माणूस ही पेटी आल्यानंतरच मोठ्या संख्येने दिसू लागला. त्याआधी रंग लावण्यापूर्वी तो तयार करावा लागे, आणि रंग तयार करायला शिकणे हेच निम्मे शिक्षण होते.

कोणत्याही रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक रंगद्रव्य, म्हणजे न विरघळणारी अतिशय बारीक पूड. दुसरी ती पूड कागदावर किंवा कापडावर धरून ठेवणारे बंधक. बंधक डिंक असेल तर जलरंग होतो, जवसाचे तेल असेल तर तैलरंग. भारतातल्या लघुचित्रांच्या कारखान्यांत हिंगूळ, हरताळ, शेंदूर, गेरू, नीळ आणि काजळ ही नेहमीची द्रव्ये होती. ती खलात घोटायची, पाण्यात कालवून जड कण खाली बसू द्यायचे, वरचे पाणी निथळून पुन्हा घोटायची आणि डिंकात कालवून शिंपल्यात ठेवायची. युरोपात हेच काम सपाट दगडावर काचेच्या किंवा दगडी घोट्याने चाले आणि बहुधा शिकाऊ पोरांच्या वाट्याला येई. काही रंगांसाठी नुसते घोटणे पुरत नसे. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येणारा लाजवर्दी दगड नुसता कुटला तर करडी भुकटी मिळते. तिच्यातला निळा कण वेगळा काढण्यासाठी ती मेण आणि राळेच्या गोळ्यात मळून क्षाराच्या पाण्याखाली तिंबावी लागे. हा निळा इतका महाग होता की चित्राच्या करारनाम्यात तो कुठे आणि कोणत्या प्रतीचा वापरायचा, हे वेगळे लिहिले जाई. हौसेखातर चित्र काढणाऱ्याने या सगळ्यात पडावे, अशी अपेक्षाच नव्हती.

अठराव्या शतकात लंडनमध्ये रंग बनवून विकणारे दुकानदार हा स्वतंत्र व्यवसाय स्थिरावला. त्यांच्यापैकी विल्यम आणि थॉमस रीव्ह्ज या भावांनी जलरंगाची कडक, लहान, ठसा उमटवलेली वडी बाजारात आणली. १७८१ साली लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने या वड्यांसाठी त्यांना रुपेरी पॅलेटचे पारितोषिक दिले. वडीत रंगद्रव्य आणि डिंक आधीच मिसळलेले असत. चित्रकाराने ती बशीत थोड्या पाण्याबरोबर घासली की रंग तयार. मोठ्या चित्रकारांना याचे फारसे कौतुक नसेल, पण ज्याला खल, दगड, पूड, डिंक यांतले काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी चित्रकलेचे दार इथे उघडले. आजच्या कोणत्याही छंदवर्गाची खरी सुरुवात शोधायची असेल, तर ती या वडीतच सापडते.

गिऱ्हाईक दोन प्रकारचे होते. एक सुखवस्तू घरांतल्या मुली आणि स्त्रिया. चित्रकलेची शिकवणी हा त्यांच्या शिक्षणाचा भाग होता. दुसरे लष्करी अधिकारी. कॅमेरा नसलेल्या त्या काळात किल्ला, घाट, नदीचा उतार हे सगळे हातानेच टिपावे लागे. म्हणून वूलिचच्या लष्करी अकादमीत १७६८पासून पॉल सँडबी हा नामांकित निसर्गचित्रकार कॅडेटांना चित्रकला शिकवत होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ साली ॲडिसकोंब येथे आपली लष्करी शाळा काढली, तिच्याही अभ्यासक्रमात चित्रकला होती. नकाशासाठी शिकलेला हात फावल्या वेळात देवळे, बाजार आणि डोंगर रंगवू लागला. मुंबईच्या फौजेतला कॅप्टन रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले हा असाच एक हौशी चित्रकार. पश्चिम भारतातली दृश्ये, पोशाख आणि वास्तू यांवरचा त्याचा चित्रग्रंथ १८२६ ते १८३० या काळात प्रसिद्ध झाला. पुढे ग्रिंडलेज बँक म्हणून ओळखली गेलेली पेढीही त्यानेच १८२८ साली लंडनमध्ये सुरू केली.

पुण्यात या परंपरेचा थोडा आधीचा धागा आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९०च्या दशकात पेशवे दरबारातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात काम करत होता. त्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली आणि तिथे तयार झालेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळची लेणी शाई आणि जलरंगांत रेखाटली. गंगाराम हौशी नव्हते, कसबी कलावंत होते. पण नव्या पद्धतीचे जलरंगाचे काम मराठी हातात किती लवकर आले, हे त्यांच्या चित्रांवरून कळते.

कडक वडीची अडचण अशी की ती घासायला वेळ लागे, आणि बाहेर उघड्यावर रंगवताना उन्हात ती आणखीच कोरडी पडे. रसायनांचा जाणकार विल्यम विन्सर आणि चित्रकार हेन्री न्यूटन यांनी १८३२ साली लंडनच्या रॅथबोन प्लेसमध्ये दुकान काढले आणि लवकरच डिंकात ग्लिसरीन मिसळून ओलसर राहणारे जलरंग तयार केले. ग्लिसरीन हवेतला ओलावा धरून ठेवते, म्हणून ओला ब्रश नुसता टेकवला तरी रंग सुटतो. हे रंग लहान चौकोनी पात्रांत भरून पत्र्याच्या डबीत बसवले गेले. डबीचे झाकण उघडले की आतला पांढरा पृष्ठभाग रंग मिसळायची बशी होई. रचना इतकी नेमकी होती की आजची पेटी मूलतः तशीच आहे. कोकणासारख्या दमट हवेत मात्र ग्लिसरीनचा हा गुण उलटतो: पावसाळ्यात वड्या चिकट होतात आणि डिंकावर बुरशी धरते. रंगात म्हणूनच बुरशी रोखणारे द्रव्यही घालावे लागते.

तैलरंगाचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड होता. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. घोटलेला रंग म्हणूनच उघडा ठेवता येत नसे. दुकानदार तो डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत बांधून विकत. टाचणीने भोक पाडायचे, हवा तेवढा रंग पिळायचा आणि तेच भोक लहानशा खिळ्याने बुजवायचे. पण एकदा आत हवा शिरली की रंग खराब व्हायला लागे, आणि पिशवी हाताळताना फुटण्याची भीती असेच. लंडनमध्ये राहणारा अमेरिकन व्यक्तिचित्रकार जॉन गॉफ रँड याने १८४१ साली कथलाच्या दबणाऱ्या ट्यूबचे पेटंट घेतले. या ट्यूबची खुबी साधी आणि फार मोलाची आहे. पत्रा मऊ असल्याने पिळलेली ट्यूब पुन्हा फुगत नाही. म्हणजे बाहेर गेलेल्या रंगाची जागा घ्यायला हवा आत येत नाही, आणि उरलेला रंग वर्षानुवर्षे मऊ राहतो. काही वर्षांतच जलरंगही ट्यूबमध्ये मिळू लागले.

ट्यूबने रंगाचा पोतही बदलला. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या ट्यूबमध्ये तेल आणि पूड वेगळी होऊ नयेत म्हणून उत्पादक त्यात थोडे मेण घालू लागले. त्याने रंग लोण्यासारखा झाला. तो जाड थरात ठेवता येई आणि ब्रशचा फटकारा जसाच्या तसा दिसे. फ्रान्समध्ये नदीकाठी आणि शेतात उभे राहून थेट कॅनव्हासवर रंगवणाऱ्यांना याचाच उपयोग झाला. ट्यूब नसत्या तर दृक्प्रत्ययवाद जन्मालाच आला नसता, असे ऑग्युस्त रन्वार म्हणत, अशी आठवण त्यांचा मुलगा ज्याँ याने नोंदवली आहे. ट्यूब आयत्या मिळाल्याने व्यावसायिक आणि हौशी यांच्यातले एक मोठे अंतर मिटले. दोघेही आता त्याच दुकानातून तोच रंग घेऊ लागले.

पेटीतले रंग मात्र एका वयाचे नाहीत. गेरू आणि पिवडी मानवाइतकीच जुनी. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये अपघाताने हाती लागला, कोबाल्ट निळा १८०२ साली तेनार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दिला. लाजवर्दी निळ्याची कहाणी सर्वांत सुरस आहे. १८२४ साली फ्रान्समधल्या उद्योगप्रोत्साहक संस्थेने हा रंग कृत्रिमरीत्या बनवणाऱ्यासाठी ६,००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले, आणि ते १८२८ साली ज्याँ-बातिस्त गिमे यांना मिळाले. पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून मिळणारा हा निळा रसायनदृष्ट्या लाजवर्दी दगडातल्या निळ्यासारखाच आहे. एकेकाळी देवमाता मेरीच्या वस्त्रापुरता राखून ठेवलेला रंग इतका स्वस्त झाला की पांढऱ्या कपड्यांना देण्यासाठी वाण्याच्या दुकानात मिळणारी नीळही अनेकदा हीच असे. त्यानंतर पिवळे आणि तांबडे कॅडमियम आले, १८६८ साली मंजिष्ठातले रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनले आणि १९३५ साली थॅलोसायनिन निळा बाजारात आला. शाळेच्या पेटीतला झळझळीत निळा आज बहुधा हा शेवटचाच असतो.

सगळेच नवे रंग टिकाऊ नव्हते. कोलतारापासून बनलेले कित्येक गुलाबी आणि जांभळे काही वर्षांतच फिके पडत, आणि गिऱ्हाइकाला ते आधी कळायला मार्ग नव्हता. इंग्लंडमध्ये जलरंगातली जुनी चित्रे उजेडात ठेवावीत की नाही, यावर मोठा वाद झाला. त्यातून रसेल आणि ॲब्नी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १८८८ साली सरकारला अहवाल सादर केला. रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून त्यांनी उन्हात ठेवल्या. नळीत ओलसर हवा असेल तर रंग लवकर उडतो आणि निर्वात नळीत बहुतेक रंग तग धरतात, असे त्यांना आढळले. उजेड आणि दमटपणा हे दोन्ही एकत्र असलेल्या आपल्या हवेत चित्र कुठे टांगावे, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

आयत्या रंगांनी चित्रकाराची जागाही बदलली. पूर्वीची चित्रशाळा म्हणजे कारखानाच: घोटायचे दगड, तेलाच्या बाटल्या, शिकाऊ मुले, उत्तरेकडची उंच खिडकी. हौशी माणसाला यातली फक्त खिडकी हवी होती, आणि तीही नसली तरी चाले. विन्स्टन चर्चिल यांनी १९१५ साली, दार्दानेल्सच्या मोहिमेच्या अपयशानंतर नौदलाचे मंत्रिपद गेलेले असताना, वयाच्या चाळिशीत पहिल्यांदा ब्रश धरला. सुरुवात मुलांच्या रंगपेटीने झाली आणि लगेच तैलरंग आले. पुढे चार्टवेलच्या बागेत त्यांनी स्टुडिओ केला. तो आजही पाहता येतो. छंद म्हणून चित्रकलेवर त्यांनी लिहिलेले छोटे पुस्तक हौशी मंडळींनी फार आपुलकीने वाचले. रवींद्रनाथ टागोरांनी साठी ओलांडल्यावर हस्तलिखितातली खाडाखोड जोडत जोडत चित्रे काढायला घेतली, रंगीत शाया वापरल्या, आणि १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन झाले. महाराष्ट्रात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी कारभार पाहत स्वतः रंगवत. त्यांचे चित्ररामायण १९१६ साली छापून निघाले आणि १९३८ साली औंधला त्यांनी उभे केलेले संग्रहालय आजही माणसे मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला जातात.

रंग मात्र परदेशातूनच येत, आणि ते सगळ्यांना परवडणारे नव्हते. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेने चित्रकार आणि शिक्षक घडवले. घराघरांत रंग पोचले ते स्वदेशी उत्पादनामुळे. दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुडीपासून व्यवसाय सुरू केला, मग ‘कॅमल’ शाई आली आणि नंतर याच उंटाच्या चित्राखाली रंग. २०११ साली या कंपनीचा मोठा वाटा जपानच्या कोकुयोने घेतला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षांमुळे महाराष्ट्रात पोस्टर कलरच्या बाटल्या गावोगावच्या शाळांत गेल्या. हजारो मुलांचा ‘फ्लॅट वॉश’शी, म्हणजे रंगाच्या एकसारख्या सपाट थराशी, पहिला परिचय याच परीक्षांनी करून दिला, आणि मोठेपणी पुन्हा ब्रश हाती घेणाऱ्या कितीतरी जणांचे मूळ शिक्षण तेवढेच असते. ते कमी लेखण्यासारखे मुळीच नाही.

चित्र आणि हस्तकला यांच्यातली भिंत पाडली ती ॲक्रिलिकने. हे प्लॅस्टिकच्या जातीचे बंधक. चित्रकारांसाठी ते आधी टर्पेंटाइनमध्ये विरघळणाऱ्या रूपात आले. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर लिक्विटेक्स या नावाने विकले जाऊ लागले. त्यात बंधकाचे सूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडाले की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो आणि तो पुन्हा पाण्याने सुटत नाही. ओले असताना हे मिश्रण दुधाळ दिसते, म्हणून वाळल्यावर रंग एक छटा गडद होतो. नव्याने हात घालणाऱ्याची हीच पहिली फसगत. ब्रश पाण्यातच ठेवावा लागतो, नाहीतर तो तासाभरात कडक होतो. पण हा रंग कागदाइतकाच लाकूड, माती, कापड आणि भिंतीवर बसतो. पणत्या, मडकी, साड्यांचे पदर, जुनी स्टुले, काहीही रंगवता येऊ लागले. टर्पेंटाइनचा वास नसल्याने फ्लॅटच्या गॅलरीत किंवा स्वयंपाकघराच्या टेबलावर काम करता येते आणि जेवणाच्या वेळेला सगळे आवरून ठेवता येते.

ट्यूबवरच्या नावांचा गोंधळ आवरण्यासाठी विसाव्या शतकात रंगद्रव्यांची क्रमवार सूची तयार झाली. तिच्यातला क्रमांक चांगल्या ट्यूबच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेला असतो: ‘पीबी २९’ म्हणजे लाजवर्दी निळा, ‘पीबी १५’ म्हणजे थॅलोसायनिन निळा. जवळच ताऱ्यांच्या किंवा आकड्यांच्या खुणेने उजेडातला टिकाऊपणा दाखवलेला असतो. नावापुढे ‘ह्यू’ असेल तर आत मूळ द्रव्याऐवजी तशा छटेचे स्वस्त मिश्रण आहे असे समजावे. विद्यार्थ्यांसाठीच्या रंगांत कॅडमियम आणि कोबाल्टच्या जागी बहुधा असेच मिश्रण असते आणि रंगद्रव्याचे प्रमाणही कमी असते. दोन कंपन्यांच्या निळ्यांची तुलना करायची तर ती नावावरून होत नाही, या क्रमांकावरून होते.