फार्मसीचे 500 तास आणि बाबासाहेबांची नेतृत्वाची शाळा

आपल्या समाजातील मुले-मुली आज डी.फार्म., बी.फार्म. करत आहेत. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, सहाही तालुक्यांत अशी मुले भेटतात. पण पदविका हातात आल्यावर पुढे काय? दुकानासाठी भांडवल नाही, ओळख नाही, सल्ला द्यायला घरात कोणी नाही. मग काही जण आपले प्रमाणपत्र दरमहा ठरावीक पैशांवर दुसऱ्याच्या दुकानाला देतात. भिंतीवर नाव आपले, गल्ल्यावर मालक दुसरा. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय औषध देता येत नाही, असे 1948 च्या फार्मसी कायद्याचे कलम 42 सांगते. कायद्याने ज्याच्या हाती अधिकार दिला, तोच आपला अधिकार भाड्याने देतो. याला केवळ बेरोजगारी म्हणून चालणार नाही. हा नेतृत्वाचा प्रश्न आहे आणि आपल्या चळवळीने तो पूर्वी हाताळलेला आहे.

18 मार्च 1956 रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दलची निराशा बोलून दाखवली. हे भाषण आपण वारंवार सांगतो, बहुतेकदा नोकरदारांना टोमणा मारायला. पण त्यानंतर साडेतीन महिन्यांनी बाबासाहेबांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. 1 जुलै 1956 रोजी त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. विद्यार्थी फक्त 15. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांनी या कामाची जबाबदारी सांभाळली. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च 1957 मध्ये शाळा थांबली. म्हणजे निराशेनंतर त्यांनी तक्रार करत बसण्याऐवजी माणसे घडवायला घेतली. नेतृत्व जन्मजात असते असे त्यांना वाटत असते, तर शाळा कशाला काढली असती?

हे त्यांना स्वतःच्या आयुष्यातूनही ठाऊक होते. विद्यार्थी भीमरावांना चर्नी रोडच्या बागेत वाचताना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले. 1907 मध्ये मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत नेले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी आणि कष्ट भीमरावांचेच होते. पण बडोद्याचे दार कुठे आहे आणि ते कसे ठोठवायचे, हे सांगणारा माणूस लागला. व्यापारी घरातल्या मुलाला असा माणूस बाप-काकाच्या रूपात दुकानातच मिळतो. त्याला कोणी ‘मेंटॉर’ म्हणत नाही, एवढेच. आपल्या पहिल्या पिढीच्या फार्मासिस्टला तो शोधावा लागतो.

औषधाच्या क्षेत्रात आपली माणसे का हवीत, याचेही उत्तर बाबासाहेबांच्या लेखनात आहे. काठेवाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या ‘यंग इंडिया’त छापले गेले होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये बाबासाहेबांनी ते दिले आहे. बाळंतीण पत्नी आजारी होती. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, म्हणून तिला वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने बायकोला. तसाच तो परत गेला. निदान न्यूमोनियाचे झाले. पुन्हा तपासायला डॉक्टर आला नाही आणि ती बाई गेली. औषध होते, विद्या होती, फीसुद्धा होती. माणूस मात्र आपला नव्हता.

आता वाशिमकडे येऊ. डी.फार्म.च्या विद्यार्थ्याला किमान 3 महिने, 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे आहे. म्हणजे अनुभवी माणसाजवळ विद्यार्थी बसवण्याची सोय नियमातच आहे. पण अनेकदा हे 500 तास सही-शिक्क्यावर संपतात. ते आपण ताब्यात घ्यावेत. शासकीय रुग्णालयांतले कार्यरत व निवृत्त फार्मासिस्ट, स्वतःचे दुकान चालवणारे बांधव-भगिनी यांनी प्रत्येकी एक विद्यार्थी घ्यावा. चिठ्ठी वाचणे, मुदतबाह्य माल वेगळा काढणे, शेड्यूल एच-1 ची नोंदवही ठेवणे हे त्याने शिकावेच. शिवाय परवान्याचा अर्ज, बँकेचे कर्ज, ठोक विक्रेत्याशी उधारीची बोलणी हेही शिकावे. सोयाबीनच्या शेतात रोजंदारी करणाऱ्या बाईला तेच औषध जेनेरिकमध्ये स्वस्त मिळते, हे सांगण्याची हिंमत त्याच्यात यावी. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागणाऱ्या गावच्या पुढाऱ्याला ‘मिळणार नाही’ म्हणता यावे. गल्ल्यावरचे नेतृत्व ते हेच.

काही जण म्हणतील, ज्येष्ठांच्या हाती मुले दिली की ती त्यांचीच होतात, गटबाजी वाढते. ही भीती खोटी नाही, आपल्या पक्षांनी ती पाहिली आहे. म्हणून जोडी ठरावीक मुदतीची असावी, काय शिकवायचे ते आधी लिहून ठरवावे, जोडी बदलण्याचा हक्क विद्यार्थ्याला असावा आणि मुलींना अनुभवी महिला फार्मासिस्ट मिळतील हे पाहावे. केळुसकरांनी भीमरावांना वाट दाखवली. आपल्या मागे फिरवले नाही.

1 जुलै हीच वाशिम जिल्ह्याच्या स्थापनेची तारीख, साल 1998. येत्या 1 जुलैला भाषणांचा कार्यक्रम ठेवण्याऐवजी 15 जोड्या लावू या. बाबासाहेबांनी 15 जणांवरच सुरुवात केली होती.

जय भीम!